दुकान वीस मार्चला उघडेल

सुल्मोना,
१० फेब्रुवारी १९८७

ती. एर्सिलियामावशीस,
सा. न. वि. वि.

आमची सहल ठरली एकदाची. शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग, बावीस डोकी, एक बस आणि दोन राजधान्या: आधी बुडापेस्ट, येताना व्हिएन्ना. एक मार्चला निघायचं, आठला परत. महिनाभर सगळं टांगणीला लागलं होतं, कारण पंधरा मुलांमागे एक शिक्षक हवा असा नियम आहे आणि दुसरा शिक्षक मिळेना. गणिताच्या बाईंची कंबर दुखते आणि तत्त्वज्ञानाच्या सरांच्या सासूची. शेवटी धर्माच्या तासाचे पाद्रीबाबा तयार झाले. ते बसमध्ये टेकले की झोपतात, तेव्हा खरे मास्तर एकच, लॅटिनचे दि कोला. त्यांनी वेळापत्रक केलंय. बुडापेस्टच्या संसदेला चाळीस मिनिटं, राजवाड्याला पंचावन्न, पुलावर दहा. आम्हाला मोजायचा सराव त्यांनी आत्ताच वर्गात सुरू केलाय.

फोन केला असता, पण आमचा फोन जेवणाच्या खोलीत आणि आईचे कान सगळ्या घरात. व्हिएन्नाचं नाव काढलं की ती भांडी जोरात घासायला लागते. शेजारच्या कोंचेत्ताकाकूंनी मात्र न विचारताच सांगितलं, की तिथे आपल्या गावचा कुणी एव्हारिस्तो आइस्क्रीम विकतो आणि तुझं नि त्याचं काहीतरी होतं. हे खरं का? मी थंडीत काय घालू, हेही कळव. थंडीचं मावशीला विचारते म्हटलं तर आई म्हणाली, तिला काय विचारतेस, ती समुद्रकाठी राहून हिवाळ्यात मासे खात नाही, असल्या बाईचा सल्ला काय कामाचा.

तुझा लोभ आहेच. तो आईला न कळता वाढव.

तुझी,
ऑर्नेला


पेस्कारा,
१६ फेब्रुवारी १९८७

चि. ऑर्नेलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लोकरी बनियन दोन घे, एक अंगात आणि एक पिशवीत. तिकडची कॉफी पिऊ नकोस. कोंचेत्ताला माझा नमस्कार सांग आणि तिची जीभ अजून शाबूत आहे हे ऐकून मला आनंद झाला, असंही सांग.

तुला खरं हवंय तर ऐक. १९५१ साली त्याचं माझं ठरत होतं. ठरलं नाही. तो व्हिएन्नाला गेला, मी राहिले. गोष्ट एवढीच आहे. त्यात रडण्यासारखं काही नाही आणि मी रडलेही नाही. त्या वर्षी मला डोळे आले होते, त्याचा कोंचेत्ताने काय अर्थ काढायचा तो काढला.

आता विषय निघालाच आहे तर माझं एक काम कर. सोबत एक पुडकं पाठवतेय. त्याचं दुकान कालव्याजवळच्या गल्लीत आहे, पत्ता वर लिहिलाय. मला तो कसा माहीत, हे विचारायचं नाही. दुकानाचं नाव ‘व्हेसूव्हिअस’. ज्या माणसाने आपल्या डोंगरापलीकडचा कुठलाच डोंगर पाहिला नव्हता, त्याने हे नाव ठेवावं, यातच त्याची परीक्षा होते. पुडकं त्याला द्यायचं, एर्सिलियाने परत पाठवलंय एवढंच सांगायचं, बसायचं नाही. दुकान बंद असलं तर दारात ठेवून निघायचं. चौकशा करायच्या नाहीत, शेजारपाजारी विचारायचं नाही. दारात ठेवलंस तरी काम झालं असं मी समजेन. आणि पुडकं उघडू नकोस.

यातलं आईला अक्षर कळता कामा नये. अंगाला जप, आणि मावशीवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
एर्सिलियामावशी


बुडापेस्ट,
४ मार्च १९८७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी माफी मागते, मग हकीकत.

पुडकं मी उघडलं नाही. हंगेरीच्या सरहद्दीवरच्या शिपायाने उघडलं. तासभर बर्फात उभं केल्यावर त्याने माझीच बॅग निवडली आणि आतून निघाले हिरवे साखरबदाम. मावशी, हिरवे. शिपायाला काय कळणार, त्याला वाटलं काहीतरी औषध किंवा विष. खाऊन दाखव, म्हणून त्याने खूण केली. मला सुचेना, तेवढ्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या नेल्लोने मोठ्या मनाने एक तोंडात टाकला आणि चावला. शिपायाचं समाधान झालं. पण मागे आमची सगळी बस बघत होती, आणि बसमधला एकूणएक जण सुल्मोनाचा.

आता तूच सांग, लग्नाचे पांढरे, पास झाल्याचे लाल आणि साखरपुड्याचे हिरवे, हे ज्याला पाळण्यात कळलंय अशा गावच्या मुलांनी काय समजावं? मुलगी हिरवे बदाम घेऊन निघते, सहलीत पुडी सुटते, आणि पहिला बदाम मुलगा खातो. टाळ्या वाजल्या. पाद्रीबाबासुद्धा जागे झाले आणि त्यांनी आशीर्वाद दिला. मी जीव तोडून सांगत होते की हे मावशीचं सामान आहे, तर सगळे म्हणाले, लाजतेय. साखरपुड्याचा बदाम नाकारला तर अपशकुन, म्हणून प्रत्येकाने एकेक घेतला. ड्रायव्हरनेही. नेल्लो हळूच म्हणाला की चव आजोबांच्या कपाटाची आहे, पण अशा वेळी असं बोलू नये.

दि कोला मास्तरांनी लॅटिनमध्ये दोन वाक्यं म्हटली, बदाम दाढेखाली घेतला आणि त्यांची दाढ फुटली. काल दिवसभर ते दवाखान्यात होते. त्यामुळे संसद चाळीस मिनिटांऐवजी तीन तास पाहिली. पुलावर तर आमचे काही जण अजून असतील.

पाच बदाम मी झडप घालून वाचवलेत. परवा व्हिएन्नाला पोचलो की काहीही करून तुझं काम करते. हे पत्र माझ्याआधी पोचावं अशी इच्छा आहे, आपल्या टपालखात्याकडून आशा नाही.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी अपराधी,
ऑर्नेला


सुल्मोना,
९ मार्च १९८७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी पोचलो. बुडापेस्टचं पत्र तुला मिळालं नसेल, म्हणून थोडक्यात सांगते: पुडी सरहद्दीवर फुटली, वर्गाने बदाम खाल्ले, दि कोला मास्तरांची दाढ गेली, आणि नेल्लोचा नि माझा साखरपुडा झाला असं गावभर झालंय. कुणीतरी बुडापेस्टहून घरी फोन केला होता. बस थांबली तेव्हा आई आणि नेल्लोची आई हातात हात घालून उभ्या होत्या, ज्या दोघी पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. महिला दिनाची पिवळी फुलं आणि केक. नेल्लोने सगळ्यांसमोर खुलासा करायला तोंड उघडलं आणि त्याच्या आईने त्यात केक घातला. आज आई मला विचारतेय की हिरवे बदाम आणले कुठून. मी अजून काही बोललेले नाही, पण किती दिवस टिकेन सांगता येत नाही.

आता तुझं काम. मास्तर सुजलेला गाल घेऊन हॉटेलात पडले होते आणि पाद्रीबाबा बसमध्ये. वर्ग राजवाड्याच्या बागेत गेला, मी नि नेल्लो गल्ली शोधत निघालो. दुकान सापडलं. लाल अक्षरांत ‘व्हेसूव्हिअस’, खाली धूर सोडणारा डोंगर, आणि दाराला कुलूप. काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, वर जर्मनमध्ये आणि खाली आपल्या भाषेत: हिवाळ्यात दुकान बंद, आम्ही गावी आहोत, दुकान वीस मार्चला उघडेल, टपाल पुढच्या पत्त्यावर पाठवावं. आणि पत्ता कुठला, सांगू? फ्रांकाव्हिल्ला. तुझ्या घरापासून बसने वीस मिनिटं.

मी तिथे पायरीवर बसून हसत सुटले. शेजारच्या चांभाराने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं की हे सगळे आइस्क्रीमवाले असेच, थंडी पडली की चंबूगबाळं आवरून इटलीला पळतात. एव्हारिस्तो म्हातारा होत चाललाय, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा नि सून हाताशी आहेत, आणि पंधरा तारखेच्या सुमारास सगळे परत येतात. म्हणजे मावशी, पस्तीस हिवाळे तो इकडेच येतोय आणि तू माझ्या हातून दोन देश ओलांडून पुडकं पाठवतेस.

तू दारात ठेव म्हणाली होतीस, पण बर्फात ठेवायला हात धजेना. उरलेले पाच बदाम सोबत पाठवतेय. पंधराच्या आत जा. चार-पाच दिवस आहेत.

लोभ असू दे, आणि या वेळी माझं ऐक.

तुझी,
ऑर्नेला


पेस्कारा,
१२ मार्च १९८७

ऑर्नेला,

दारात ठेव, असं स्वच्छ लिहिलं होतं. चौकशा करू नकोस, असंही लिहिलं होतं. चांभाराला कोणी विचारलं होतं?

तुमच्या वर्गाने जे खाल्ले ते बदाम मी १९५१ च्या फेब्रुवारीत गावच्या बदामांच्या कारखान्यात माझ्या हाताने रंगवले होते. सगळे मिळून तीस होते. छत्तीस वर्षं डब्यात राहिले, एक फुटला नाही, आणि तुम्ही ते एका सरहद्दीवर संपवलेत. दि कोलांना माझ्या वतीने क्षमा माग. पोट कुणाचं बिघडलं असेल तर एरंडेल द्या.

एर्सिलिया


पेस्कारा,
१६ मार्च १९८७

चि. ऑर्नेलास,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र रागात लिहिलं, ते फाडून टाक. आता जे सांगते ते तू मोठी झालीस असं समजून सांगते.

तो हिवाळ्यात फ्रांकाव्हिल्लाला असतो, हे मला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी इथल्या मासळी बाजारात तो दिसला. तराजूपुढे उभा राहून कोळणीशी हुज्जत घालत होता. केस गेलेले, पण हुज्जत तीच. मी तशीच रिकाम्या पिशवीनं घरी आले. तेव्हापासून मी हिवाळ्यात मासे खात नाही. मार्चच्या सुरुवातीला दुकान बंद असणार, हेही मला ठाऊक होतं. म्हणूनच तुझ्या हातून पाठवलं. पुडकं जावं, पण त्याला मिळू नये; परत केल्याचं समाधान मला मिळावं आणि त्याचं तोंड पाहायला लागू नये. हिशेब चोख होता. तू त्याचा पत्ता हातात आणून दिलास आणि माझ्याकडे काही सबब उरली नाही.

शनिवारी गेले. काळा कोट घातला, म्हणजे काय बोलायचं ते विसरणार नाही. तो अंगणात गाडीवर खोकी बांधत होता. मी डबी पुढे केली आणि म्हटलं की हे तुमच्या नावाने केलेलं, परत आणलंय. त्याने डबी उघडली, पाहिलं, आणि मी थांबवायच्या आत एक बदाम तोंडात टाकला. मी म्हटलं, परत केलेला माल खायचा नसतो. तो म्हणाला, हिरवा आहे, नाकारायचा नसतो. मी म्हटलं, दाढ फुटेल. तर म्हणाला, माझे सगळे दात खोटे आहेत.

मग मी छत्तीस वर्षांचं विचारलं. ऑर्नेला, तो व्हिएन्नाला गेला त्या दिवशी सकाळी सुल्मोनाच्या स्टेशनवर दोन तिकिटं घेऊन उभा होता. मी येईन, अशी त्याची खात्री होती. आणि मी घरात तीस बदाम ताटात मांडून बसले होते. त्याची आई रीतसर मागणी घालायला येईल, मग ते वाटायचे, मग जायचं, अशी माझी खात्री होती. रीत सोडून स्टेशनवर पळत जाणारी मुलगी मी नव्हते. तो म्हणाला, तू नाही म्हणालीस असंच मी धरलं. मी म्हटलं, मीही. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी मी माझं सगळं तरुणपण डब्यात ठेवलं, याचा मला तिथे उभ्या उभ्या फार राग आला आणि मग मी रडले. या वेळी डोळे आलेले नव्हते.

सुनेने कॉफी दिली. ती सांगत होती की आठ वर्षं सासरे हिवाळ्यात दर शनिवारी पेस्काराच्या बाजारात जातात आणि गरजेपेक्षा जास्त मासे आणतात, घरातले सगळे माशांना विटलेत. तो खाली मान घालून बसला होता. एकदा एक पाठमोरी बाई रिकामी पिशवी घेऊन जाताना दिसली होती म्हणे, तीच पुन्हा दिसेल म्हणून जात होता.

ते काल निघणार होते. माझ्याकडे शिवणाचं एक काम आहे, एका मुलीचा चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीचा झगा अर्धा शिवून पडलाय, तो आज देऊन टाकते, म्हणून ते उद्यावर गेलंय. ईस्टरपर्यंत जाऊन दुकान कसं चालतं ते पाहून यावं, असं मी म्हटलंय, त्याहून जास्त काही म्हटलेलं नाही. पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र चालतं. काल त्याच्या मुलाने गाडीतल्या जागा मोजल्या. मला धरून मोजल्या.

एक बदाम त्याने खाल्ला, एक मी. तुझं बुडापेस्टचं पत्र आज आलं, त्यात म्हटलंय तशी चव खरंच कपाटाची आहे. उरलेले तीन पाठवतेय: एक दि कोलांना, चघळायला सांग. दोन तुझ्याकडे ठेव. नेल्लोला द्यायचा की नाही ते तू ठरव, पण ज्याला जे सांगायचं ते तोंडाने सांग, बदामाच्या भरवशावर राहू नकोस. तुझ्या आईलाही आता सगळं सांगून टाक. भांडी घासत असेल तेव्हा सांग.

पोचल्यावर पोस्टकार्ड टाकते. आपल्या टपालखात्याची चाल पाहता ते तुला मिळेल तोवर मी परत आलेली असेन. किंवा नसेन.

माझ्यावरचा तुझा जीव व्हिएन्नाच्या पत्त्यावरही पोचत राहू दे.

तुझी,
एर्सिलियामावशी