टिल्लीचा डबा

२४ नोव्हेंबर

चि. पाववाल्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. आता माझं ऐक, कारण कालपासून माझं डोकं फिरलंय.

आमच्या वाचनालयात नाताळाच्या आधीच्या रविवारी कुकीजची अदलाबदल असते. प्रत्येक घराने सहा डझन भाजून न्यायच्या, मोठ्या टेबलावर मांडायच्या आणि रिकामा डबा घेऊन टेबलाभोवती फिरायचं. आपल्या सोडून इतरांच्या उचलायच्या, एवढाच नियम. गेल्या वर्षी माझी नात टिल्लीही डबा घेऊन फिरली. गव्हातलं ग्लूटेन तिला चालत नाही, कणभर पोटात गेलं तरी पोर दोन दिवस पोट धरून अंथरुणात पडते, हे तुला ठाऊक आहे. तिथे ते तिलाच सांगावं लागलं, प्रत्येक ताटापाशी, नव्याने. शेवटी ग्रंथपाल बाईंनी तिच्या डब्यात एक संत्रं ठेवलं. घरी येऊन तिने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की आजी, संत्रं तर फळवाल्याकडेही मिळतं.

म्हणून काल मी बाईंना जाऊन सांगितलं की यंदा निदान पाच घरांनी गव्हाशिवाय कराव्यात, म्हणजे पोरीच्या डब्यात काहीतरी पडेल. बाई चष्मा पुसत म्हणाल्या की कोणाच्या ओट्यावर काय सांडलेलं असतं ते त्यांना कसं कळणार, लोकांकडून चुका होतात, आणि पोर आजारी पडली तर उत्तर कोणी द्यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलं की लोक चुकत नाहीत, लोकांना करायचं नसतं. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते मी, एकाही पुडीत चूक झाली नाही. जरा मोठ्यानेच बोलले असेन, कारण पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

तर आता मी करून दाखवणार. टिल्लीने आधी खाऊन पसंत करायच्या, मग सहाच्या सहा डझन टेबलावर. घरच्या ओट्यावर हे जमतं हे एकदा दिसलं की बाईंना बोलायला जागा उरणार नाही. पीठ आणि कृती धाड.

लोभ आहे, तो उशीर करून कमी करू नकोस.

तुझी
ताई


२९ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जन्मभर पाव भाजलेल्या माणसाला गहू सोडून भाजायला सांगणं म्हणजे न्हाव्याला कात्री न लावता केस काप म्हणण्यासारखं आहे. तरी सांगतोय, कारण संत्र्याचं वाचून माझाही हात थांबला. मुलाच्या डब्यात संत्रं ठेवणाऱ्या बाईला पुस्तकं कशी सांभाळता येतात कोण जाणे.

सोबत तांदळाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च आणि बदामाची पूड पाठवतोय. प्रमाण चिठ्ठीवर आहे. गव्हाचा चिकटपणा नसल्यामुळे कुकी हातात भुगा होते, म्हणून दोन चमचे ईसबगोल घाल. होय, तेच, जे तू चाळीस वर्षं लोकांना हळू आवाजात विकलंस. गोळा तासभर गार जागी ठेव, नाहीतर दाताखाली कचकच लागेल.

चाळणी नवी घे. चमचा नवा घे. लोण्याचा डबा वेगळा ठेव, कारण घरच्या लोण्यात पावाचा चुरा असतोच. भाजायचे पत्रे घासून कागद घाल. लाटण्याची तुला चिंता नाही, आईचं लाटणं तुझ्याकडेच आहे. बेकरीवाला मी, आणि लाटणं गेलं गोळ्या मोजणाऱ्या बाईकडे. अकरा वर्षं झाली, अजून मला ते पटलेलं नाही. असो, यंदा चांगल्या कामाला लागतंय.

टिल्लीला पापा. माझ्यावरचा लोभ लाटण्याइतकाच घट्ट धरून ठेव.

तुझा
धाकटा


७ डिसेंबर

चि. पाववाल्यास,
आशीर्वाद द्यावेच लागतात म्हणून देते.

टिल्ली परवापासून अंथरुणात आहे. शुक्रवारी पहिला घाणा केला. रंग सुरेख, कडा कुरकुरीत. तिने चार खाल्ल्या, पाचवी मागितली, आणि मी मूर्खासारखी ओट्यापाशी उभी राहून बाईंचा चेहरा कसा होईल याचा विचार करत होते. संध्याकाळपर्यंत पोर गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली. सूनबाईने उरलेल्या कुकीज माझ्यासमोर कचऱ्यात ओतल्या. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

चाळणी नवी, चमचा नवा, लोणी नवं, पत्रे दोनदा घासलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले. माझ्याकडून काय राहिलं ते मी शंभरदा मोजलं. काही राहिलेलं नाही. राहिलं ते तुझ्याकडून. गव्हाच्या पोत्यांच्या बेकरीत बसून, पिठाने माखलेल्या हातांनी तू त्या पुड्या बांधल्या असशील. लहानपणापासून तुझं असंच, अर्धं लक्ष कामात आणि अर्धं चेष्टेत. ईसबगोलवर विनोद सुचतात, पण हात धुवायचं सुचत नाही.

टिल्लीने जरा बरं वाटल्यावर काय विचारलं सांगू? यंदा ती घरीच थांबली तर चालेल का. डबा तिने माळ्यावर ठेवून द्यायला सांगितलाय.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

ताई


११ डिसेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोर बरी आहे का ते आधी एका ओळीत कळव. मग हवं तेवढं भांड.

त्या पुड्यांना बेकरीचा वारासुद्धा लागलेला नाही. गहू न दळणाऱ्या गिरणीची बंद पाकिटं आहेत ती. मी किराणा दुकानातून थेट पोस्टात गेलो, तेही बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी, धुतलेला शर्ट घालून. माझ्या बेकरीत पीठ भिंतींवर असतं, पंख्यावर असतं, हे मला तुझ्याहून जास्त कळतं. अर्धं लक्ष कामात म्हणालीस, ते मनाला लागलं. तुझ्या पुड्यांत चूक झाली नसेल, पण माझ्या हातचं खाऊनही आजवर कोणी आजारी पडलेलं नाही.

हे सगळं मी परवाच रागाने लिहून ठेवलं होतं. पत्र टाकायला निघालो तर पोऱ्ये पावांचं काम संपवून टेबल धूत होते आणि माझं लाटणं ओलं होऊन बाजूला पडलं होतं. सहज सुरीने खरवडलं. लाकडाच्या रेषांमधून राखाडी लगदा निघाला. मी हे लाटणं रोज धुतो, ताई. तरी निघाला. मी तिथेच स्टुलावर बसलो.

आईचं लाटणं किती वर्षांचं आहे? त्याने गव्हाशिवाय दुसरं काही लाटलंय का कधी? चाळणी नवी घे म्हणालो, चमचा नवा घे म्हणालो, आणि जे सगळ्यात आधी बाजूला ठेवायचं तेच वापर म्हणून मीच लिहिलं. तेही टोमणा मारायच्या नादात. जन्म पिठात गेला माझा, आणि मला हे दिसलं नाही. म्हणजे अर्धं लक्ष चेष्टेत हे तू बरोबरच लिहिलंस.

दोन कागदांमध्ये ठेवून गोळा काचेच्या बाटलीने लाट. आणि पोरीचा डबा माळ्यावरून काढ.

माझ्यावर राग असावा, पण थोडा लोभही ठेव.

धाकटा


१५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

टिल्ली उठली, जेवते, शाळेत जाते.

तुझं पत्र वाचलं आणि लाटणं काळ्या कागदावर धरून दाभणाने टोकरलं. मुठीपाशी जी बारीक चीर आहे ना, तिच्यातून पापुद्रे पडले. काही माझ्या हातचे, काही आईच्या हातचे असतील. माझ्या हातची पुडी चुकीची निघाली, तीही आपल्याच पोरीला दिलेली. मी टिल्लीला समोर बसवून सांगितलं की तुला आजीने आजारी पाडलं. ती म्हणाली, म्हणजे तूसुद्धा चुकतेस. मी हो म्हटलं.

मग वाचनालयात गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते, तिथे एकही आठवलं नाही. बाईंचं म्हणणं बरोबर होतं, माझं चूक होतं, एवढंच म्हटलं. त्यांनी मला टोमणा मारला नाही, याचाच मला जास्त राग आला. त्यांनी फक्त विचारलं की मग आता काय करायचं, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

त्यावर मी लिहिलं ते असं: चाळीस वर्षं औषधं देणाऱ्या बाईच्या हातून जुन्या लाटण्यामुळे घरचंच मूल आजारी पडलं. म्हणून कोणी आपल्या घरी गव्हाशिवाय करायला जाऊ नये. ज्यांना करायच्या असतील त्यांनी शनिवारी माझ्या घासलेल्या ओट्यावर येऊन कराव्यात. पीठ, भांडी माझी, कृती तुमची. येताना काही आणू नये. सही करून कागद फलकावर लावला. खाली पहिलं नाव बाईंनी घातलं.

सोबतच्या पार्सलमध्ये लाटणं आहे. अकरा वर्षं तू मागितलंस आणि मी दिलं नाही, कारण ते हातात घेतलं की आई पाठीशी उभी असल्यासारखं वाटायचं. पण टिल्लीच्या घरात ते राहू शकत नाही, आणि माळ्यावर टाकायला माझा हात धजत नाही. बेकरीत त्याने कोणाचं वाईट होणार नाही. मागच्या पत्रात मी नको ते बोलले. ते मनात ठेवू नकोस.

लोभ कर, लाटण्यावरही.

तुझी
ताई


२३ डिसेंबर

ती. मामाआजोबांना,
शि. सा. न. वि. वि. (ही अक्षरं आजीने सांगितली.)

लाटणं मिळाल्याचं तुमचं कार्ड आलं. तुम्ही ते भिंतीवर टांगून ठेवलंय, वापरत नाही असं लिहिलंत. आजी म्हणते वापरायला सांग, तिच्या आईला नुसती लटकलेली वस्तू आवडायची नाही.

शनिवारी आमच्याकडे पाच जण आले. ग्रंथपाल बाई, दातांचे डॉक्टर, पोस्टमनकाका, माझ्या मैत्रिणीची आई आणि पेपर वाचायला येणारे एक आजोबा, ज्यांनी आधी कधीच काही भाजलं नव्हतं. आजीने सगळ्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, पोस्टमनकाकांना दोनदा. मग ती दारात खुर्ची टाकून बसली आणि कोणाच्या खिशात बिस्किटं आहेत का विचारत होती. डॉक्टरांच्या खिशात होती. त्यांना घरी जाऊन शर्ट बदलून यावं लागलं.

रविवारी खिडकीपाशी वेगळं टेबल होतं आणि पहिली मी गेले. आमच्या सोडून सगळ्यांच्या घेतल्या, नियम म्हणजे नियम. डब्याचं झाकण लागत नव्हतं.

पण मामाआजोबा, मला खूप राग आलाय. पाचांतल्या तीन अगदी वाईट होत्या. ग्रंथपाल बाईंच्या खडूसारख्या लागतात. दातांच्या डॉक्टरांनी साखर जवळजवळ घातलीच नाही. आजीचा ओटा वापरून असं कोणी करतं का? पोस्टमनकाकांची तर मला बशीवर आपटून तोडावी लागली. आजी म्हणाली की कोणी प्रेमाने केलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. मी म्हटलं, सगळे ठेवतात. दरवर्षी अदलाबदलीनंतर शाळेत सगळे कोणाच्या किती वाईट होत्या ते सांगतात आणि मी गप्प बसते. काल मी सगळ्यांत जास्त बोलले.

हे ऐकून आजी तोंड फिरवून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

लोभ असावा. पुढच्या वर्षी ईसबगोल कमी घालायला सांगा.

तुमची
टिल्ली

ता. क. डबा आता परत रिकामा झालाय. यंदा तो मी रिकामा केला.