जिराफाचे पायमोजे

३ जून

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार. पत्र लिहायला कारण मामा.

त्याच्या पत्रात माझ्या खुशालीला अर्धी ओळ होती आणि तुझ्या चक्करेला दोन पानं. नाटकाच्या कपडेपटात खाली बसून राजाच्या झग्याचा घेर टाचलास, उठलीस आणि थेट राजाच्याच अंगावर कोसळलीस, हे खरं का? मामा म्हणतो, आणखी एकदा असं झालं तर तुझं काम बंद, कपडेपटामागची खोलीही बंद, आणि तो तुला कायमचं आपल्या घरी नेणार.

डॉक्टरांनी दिलेले घट्ट पायमोजे तू खिडकीतल्या पुतळ्याला घातलेस, असंही कळलं. पुतळ्याला चक्कर येत नाही, मावशी. उत्तर लवकर दे आणि खरं दे.

तुझीच, काळजीनं नव्हे पण उत्सुकतेनं वाळलेली,
भाची


९ जून

चि. जिराफ हिस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक अक्कल येण्यासाठी.

राजाच्या अंगावर मी कोसळले हे साफ खोटं. राजा मध्ये आला. तुझा मामा जन्माचा चहाडखोर. मामी गेल्यापासून त्याला सकाळ-संध्याकाळ काळजी करायला कुणीतरी लागतं, आणि हाताशी मीच आहे. त्याच्या घरी जाऊन मी करायचं काय? मामीच्या खुर्चीत बसायचं आणि तो पेपर वाचताना त्याच्याकडे बघायचं. हातात शिवण नसेल तर मी मेल्यात जमा, हे त्याला कळत नाही.

मोज्यांचं म्हणशील तर चक्कर डोक्यात आणि आवळायचे पाय, म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. तू पदार्थविज्ञान शिकायला म्हणून गेलीस आणि जिराफाचं रक्त मानेतून वर कसं चढतं याचा पगार घेतेस, हे मी शेजारणीला अजून सांगितलेलं नाही. तिचा शिक्षणावर विश्वास आहे.

तुझ्या आईला विचारलंय म्हणून सांग. लोभ आहेच, तो उतू जाऊ देऊ नकोस.

मावशी


१५ जून

ती. मावशीस,
शि. सा. नमस्कार.

इथे दुखणं पखालीतच आहे. रक्त काही झालं तरी पाण्याचीच जात. आपण उभे राहिलो की ते पायांकडे उतरतं. पायांच्या शिरा मऊ, त्या फुगतात, आणि रक्त तिथेच मुक्काम ठोकतं. मग हृदयाकडे परत येतं थोडं, आणि डोक्यापर्यंत चढवायला त्याच्या हाती उरतं त्याहून थोडं. तरुणपणी शरीर झटकन शिरा आवळून घेतं. वय झालं की त्याला ते सुचायला उशीर होतो, आणि तेवढ्यात राजा मध्ये येतो.

आता माझा जिराफ बघ. त्याचं डोकं हृदयापासून माणसाच्या उंचीएवढं वर, म्हणून रक्ताचा दाब आपल्या दुप्पट. त्यात पाय हे एवढे लांब. हिशेबानं ते सुजून खांब व्हायला हवेत. होत नाहीत, कारण पायांची कातडी इतकी जाड आणि घट्ट असते की रक्ताला पसरायला जागाच नाही. त्याला मोजे जन्मतःच मिळालेत, तुला डॉक्टरांनी दिलेत.

आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून रबराच्या दोन नळ्या सोडल्या आणि लाल पाणी भरलं. एकीला खाली चिंधी आवळली, ती तशीच राहिली. दुसरी तळाशी टम्म फुगली आणि खालून चाललेल्या हिशेबनीसांच्या पांढऱ्या शर्टावर फुटली. दोघंजण पोलिसांना बोलवायला धावले. आमचे सर मात्र खूश. ते म्हणतात, ताडून पाहायला शेजारी दुसरी नळी नसेल तर तो प्रयोग नव्हे, गप्पा. तूही आठवडाभर ताडून पाहा आणि कळव.

कृपादृष्टी राहू दे, निदान माझ्या पत्रावर तरी.

भाची


२४ जून

चि. जिराफ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरांच्या सांगण्याबरहुकूम प्रयोग चोख केला. आठवडाभर डाव्या पायात मोजा घातला आणि ताडून पाहायला उजवा उघडा ठेवला. रोज संध्याकाळी दोन्ही घोट्यांना टेप लावली. डावा सकाळी होता तेवढाच, उजव्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ. सुजेपुरतं तुझं म्हणणं मान्य.

चक्कर मात्र जागची हलली नाही. मंगळवारी राणीच्या परकराची शिवण उसवून उठले आणि नेमका तुझा मामा दारात. मी कपाटाला धरलं, पण त्यानं पाहायचं ते पाहिलं. त्याची नजर माझ्या पायांकडे गेली तेव्हा तो म्हणाला की एकाच पायात मोजा घालणाऱ्या बाईनं एकटीनं राहू नये. मी उघडा पाय राणीच्या परकराखाली सरकवला. मी, म्हणजे बघ. रविवारी तो टेम्पो घेऊन येतोय.

तुझ्यापाशी काय लपवायचं, मला भीती वाटते. चक्करेची नाही, त्या खुर्चीची.

मावशी


२७ जून

ती. मावशीस,
घाईत नमस्कार.

तुझं पत्र प्रयोगशाळेत मोठ्यानं वाचलं. सर खुर्चीवरून पडायचे राहिले. अगं, नळ्या दोन होत्या, तुझं हृदय एकच आहे. दोन भोकांच्या बादलीचं एक भोक बुजवून पाणी का राहत नाही म्हणून भांडतेस. रक्त डाव्या पायात अडकलं काय आणि उजव्या पायात काय, डोक्याला तोटा तोच. एका पायाचा आठवडा झाला, आता दोन पायांचा कर आणि हे दोन आठवडे ताडून पाहा.

मोजे अंथरुणातून उतरण्याआधी घाल, रक्त खाली जमायच्या आत. पाणी भरपूर पी. उठण्याआधी बसल्या बसल्या टाचा वर-खाली कर. पोटऱ्यांचे स्नायू शिरा दाबतात आणि रक्त वर ढकलतात, म्हणजे तुला फुकटात दोन जादा पंप. डॉक्टरांनाही एकदा विचारून घे. मामाला मी कळवलंय की प्रयोग अर्धा असताना निकाल लावता येत नाही, टेम्पो दोन आठवडे पुढे ढकल.

मला तू त्या खुर्चीत नको आहेस, टाचण्या तोंडात धरून ओरडताना हवी आहेस.

भाची


१४ जुलै

चि. जिराफ हिस,
भरभरून आशीर्वाद.

मामा काल आला, टेम्पो आणि टेम्पोवाल्यासकट. मला म्हणाला, खाली बसून घेर टाच आणि उठून दाखव. दोन्ही पायांत मोजे होतेच. मी टाचा हलवल्या, उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. राजाला कंटाळा आला, पण मला चक्कर आली नाही.

त्याला पटेना. त्याचं मत पडलं की यात मोज्यांचं कौतुक काय, असं कुणीही उठतं. मग झग्याचं टोक धरून तो स्वतः उकिडवा बसला, मी सबंध घेर संपवेपर्यंत, आणि तरण्याताठ्यासारखा ताडकन उठला. पुढच्या क्षणी तो केसांच्या टोपांच्या पेटाऱ्यावर आडवा होता. टेम्पोवाल्यानं अदबीनं विचारलं की सामान नक्की कुणाचं न्यायचंय.

मी त्याला पाणी पाजलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. जाता जाता म्हटलं की एवढी काळजी आहे तर तूच इथे राहायला ये, बटणं लावायला माणूस हवाच आहे. फणकाऱ्यानं गेला.

माझी खोली शाबूत आहे. तुझ्या जिराफाला माझा नमस्कार, आणि वयानं लहान असेल तर आशीर्वाद.

मावशी


१९ जुलै

चि. भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मावशीनं लिहिलं असेल त्यातलं निम्मं तिखटमीठ आहे. चक्कर आली एवढं खरं. डॉक्टरांनी मलाही मोजे दिले, दोन्ही पायांत घालतो.

तुला म्हणून लिहितो. तिला इकडे आणायचं होतं ते तिच्यासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त. तुझी मामी गेल्यापासून हे घर मला मोठं पडतं. टेम्पो रिकामा परत नेताना ते जास्तच जाणवलं.

तिनं बटणांचं विचारलं तेव्हा मी रागावलो. आता तिनं पुन्हा एकदा विचारावं अशी इच्छा आहे. माझं नाव न घेता तिला तसं सुचव. बॅग भरून झाली आहे, तेव्हा पत्र जरा लवकर टाक.

मामा