पुढची सीट

रत्नागिरी,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

सौ. नम्रताताई यांस,
राजश्रीचा सप्रेम नमस्कार.

सांगलीला तुम्ही आणि भाऊसाहेब खुशाल असाल. इकडे सगळं ठीक आहे. भात झोडून झालं, पेंढा अजून अंगणात पडलाय, आणि कलमांना यंदा मोहर लवकर येणार की उशिरा ते देवालाच ठाऊक. तुमची ईशा मजेत आहे. महिनाभर इथूनच ऑफिसचं काम करायचं ठरल्यापासून ती आणि ऋत्विक दोघंही ओसरीवर लॅपटॉप मांडून बसतात आणि मी चहा पुरवते.

पत्र कशाला, फोन नाही का, असं म्हणाल. फोन लावला की ईशा तो स्पीकरवर टाकते. मग तुम्ही बोलता, ऋत्विक बोलतो, मी मधे 'हो, हो' म्हणते. फोन ठेवल्यावर कळतं की मला बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं. पत्रात मधे कोणी बोलत नाही.

तर गाडीची हकीकत. ह्यांची जीप पडवीत ताडपत्रीखाली होती, हे गेले तेव्हापासून. मागच्या आठवड्यात ऋत्विकने ताडपत्री ओढली तर ड्रायव्हरच्या सीटवर आमची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला हलवायला ईशा घाबरत होती, कोंबडी ईशाला घाबरत नव्हती. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, रेडिएटरचे पाइप भेगाळले होते, डिझेलच्या टाकीत गंज. मेस्त्री आला, डोकं खाजवून गेला, परत आला. आता नवी बॅटरी, नवी क्लचप्लेट, पाचही टायर नवे, स्टेपनीसकट. कच्छच्या रणात जायचं म्हणजे थट्टा नाही, असं ऋत्विक दिवसातून दहादा सांगतो. वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल असतो म्हणे. म्हणून तर चारही चाकं ओढणारी गाडी हवी.

चासी मात्र खाऱ्या वाऱ्याने पार खाल्ली होती. शेजारचा दादू मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं बघतो. तो म्हणाला, "वयनी, आमी होडीला मुशीचा तेल लावतव. खाऱ्या वाऱ्याला दुसरा काय चालत नाय." मुशी म्हणजे शार्क मासा. त्याने डबा आणला आणि गाडीच्या पोटाला खालून सगळं तेल चोपडलं. आता गंज धरणार नाही हे खरं, पण आळीतली झाडून सगळी मांजरं गाडीखाली मुक्कामाला आली आहेत. तुमच्यासाठी पुढच्या सीटला ईशाने जे मऊ कव्हर शिवून आणलं, त्यालाही वास लागला. बिचारीने तीनदा धुतलं. मी म्हटलं, राहू दे, आईला कोकणची आठवण राहील.

तुम्हाला गाडी लागते म्हणून पुढची सीट तुमची, हे बरं झालं. डोक्यामागे उशी बसवली आहे. तुमचा बिनसाखरेचा चहा करायला गाडीत चालणारी किटली आली आहे. जॅकेटंही आली, निळी, छान आहेत. तीन आली.

मला म्हणाल तर मला जायचं नाहीच. मोहराच्या दिवसांत बाग टाकून कोण जातं? आणि रणात बघायचं काय, मीठच ना? ते आमच्याकडे बरणीभर आहे. तुम्ही मात्र अवश्य जा, हवा बदलेल. मला खरंच जायचं नाही.

भाऊसाहेबांना नमस्कार. ते कुत्रा सांभाळायला घरी थांबणार हे ऐकून कौतुक वाटलं. परत आल्यावर दार उघडायला माणूस असणं हेही नशीबच.

आपली स्नेहांकित विहीण,
राजश्री


रत्नागिरी,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

सौ. नम्रताताई यांस,
स. न.

आज कामापुरतं लिहिते. ऋत्विकने सांगितलंय म्हणून लिहिते.

काल गाडीची परीक्षा होती. आम्ही सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर गेलो, चिरेखाणीकडे. खाणीत अजून पावसाचं पाणी आहे आणि कडेला लाल चिखल. ईशा पुढे बसली, मोबाईलवर चित्रीकरण करायला. मी मागे, पान्यांच्या पेटीवर एक पाय ठेवून. ऋत्विकने मुद्दाम गाडी चिखलात घातली, छोटा गिअर टाकला, आणि मागची चाकं नुसती गरागरा. पुढची ढिम्म. माझा इंजिनिअर मुलगा गिअर मागेपुढे करतोय, ईशा म्हणतेय, "अरे, यूट्यूबवर तर लगेच निघते."

मी साडी खोचली आणि उतरले.

पुढच्या चाकांच्या मधोमध वाटीएवढी गोल चकती असते. जुन्या जीपमध्ये नुसता गिअर टाकून भागत नाही. आधी कुणाला तरी खाली उतरून दोन्ही चाकांवरच्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात, तेव्हा पुढची चाकं जोर धरतात. नव्या गाडीत बटण असतं म्हणे. ह्या गाडीत माणूस लागतो. तो माणूस मी होते. बागेच्या चढावर आंब्याचे क्रेट भरलेली गाडी अडली की हे एकदा हॉर्न वाजवायचे आणि मी उतरायची. पोटात ऋत्विक होता तेव्हासुद्धा उतरले आहे.

तर मी चकत्या फिरवल्या, गाडी निघाली. ऋत्विकने आतून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलला. म्हणाला, "आई, हे तू मम्मींना शिकव. पुढे त्याच बसणार, ईशा मागे सामानात अडकलेली असणार. लिहून पाठव ना त्यांना!"

म्हणून हे लिहिणं. मम्मींना शिकवते आहे.

गाडी थांबवायची. तुम्ही उतरायचं. आधी डावं चाक, मग उजवं, किंवा उलट, काही फरक पडत नाही. चकती घट्ट धरून डावीकडे फिरवायची, टक्‌ असा आवाज येईस्तो. दोन्ही डावीकडे. चकतीवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने कधीच गेली, वाचायला जाऊ नका. डावीकडे एवढं पाठ करा. मग ऋत्विकला छोटा गिअर टाकायला सांगा.

आमच्यात म्हणतात, घरचं झालं थोडं अन्‌ व्याह्यानं धाडलं घोडं. इथे आम्हीच घोडं तयार करून व्याह्यांकडे धाडतो आहोत. थट्टा केली हो, राग मानू नका.

आपली,
राजश्री


रत्नागिरी,
दि. ७ डिसेंबर २०२५

नम्रताताई,

तुमचं पत्र आलं. अक्षर सुंदर आहे तुमचं. "सकाळी फिरायला जाताना 'डावीकडे, डावीकडे' म्हणत चालते, भाऊसाहेब हसतात," असं तुम्ही लिहिलंत. ते वाचलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

चकती उजवीकडे फिरवायची असते. दोन्ही उजवीकडे. घड्याळाचा काटा फिरतो तशी.

चुकून लिहिलं असं लिहिणार होते. तसा एक कागद लिहून फाडलाही. चुकून नव्हतं ते. वीस वर्षं जी गोष्ट मी अंधारात, पावसात, डोळे मिटून केली ती मी चुकेन कशी? लिहिताना हात डावीकडे गेला आणि मी तो जाऊ दिला. मनात आलं, रुतू दे गाडी. उतरू दे ह्यांना नव्या जॅकेटमध्ये चिखलात. फिरवू दे उलट्या चकत्या. आणि मग माझ्या मुलाला कळू दे, की पुढे कोण बसायला हवं होतं.

पुढचं मी मनात आणलं नव्हतं. ते काल देवळात आलं.

गाडी निघायची म्हणून काल ग्रामदेवतेला नारळ दिला. दादूने गाऱ्हाणं घातलं. तुमच्याकडे असं करतात का माहीत नाही. आमच्याकडे प्रवासाला जाणाऱ्याचं नाव घेऊन देवाला मोठ्याने सांगतात आणि बाकीचे मागून होकार भरतात. दादू म्हणाला, "बा देवा म्हाराजा, हा ऋत्विक, ही त्याची घरवाली ईशा, नि ईशाची आवस नम्रताबाय, ही तिघां लांबच्या मुलखात चालली हायत. त्यांची वाट मोकळी कर. गाडी रुतली तर हात दे नि भायेर काड!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

माझं तोंड उघडेना. तिघांत माझं नाव नाही हेच आधी डाचलं, खोटं कशाला बोलू? मग कळलं की आपण काय करून बसलोय. त्या गाडीत माझा मुलगा असणार आहे. तुम्ही असणार आहात, ज्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. रणात मदतीला दादू नाही, खाणीवरची माणसं नाहीत. दादूने माझ्याकडे बघितलं, "वयनी, होकार भरा की." मी भरला. घरी आले, ऋत्विकला पडवीत नेलं आणि त्याच्या हाताने दोन्ही चकत्या फिरवून घेतल्या, उजवीकडे. तुम्हाला मी काय लिहिलं होतं ते त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. तो हक्क तुमचा.

आता सुरुवात झालीच आहे तर सगळंच लिहिते. मला तुमचा हेवा वाटतो, नम्रताताई. साधासुधा नाही. तुमची किटली दिसली तरी पोटात दुखतं. तो मला 'आई' म्हणतो आणि तुम्हाला 'मम्मी', तर वाटतं मम्मीत जास्त लाड आहे. ती उशी तो बसवत होता तेव्हा पान्यांची पेटी मी धरली होती. मनात म्हणत होते, आयत्या बिळावर नागोबा. शोभत नाही विहिणीला असं लिहिणं. पण नागोबाला निदान बिळाबद्दल काही वाटत नसेल, मला ह्या बिळाबद्दल फार वाटतं.

ह्या गाडीतून मी सगळ्यात लांब गेले ती दापोलीला, विद्यापीठातून कलमं आणायला. येताना ह्यांनी वाट वाकडी करून हर्णै बंदराला नेलं. संध्याकाळचा लिलाव चालू होता, ह्यांनी एवढी मोठी सुरमई घेतली आणि बर्फ मिळेना, म्हणून अख्ख्या वाटेत ती माझ्या पायाशी ओल्या पोत्यात. घाटातली वळणं, मासळीचा वास, मागे कलमं हलतायत, आणि मला जराही गाडी लागली नाही. हे म्हणाले, "तुला घेऊन कुठंही जावं." मग बाग वाढली, ऋत्विकचं शिक्षण आलं. कुठंही गेलो नाही.

तुम्ही पत्रात विचारलंय, "तुम्ही नको का म्हणालात? ऋत्विकने तुम्हालाच आधी विचारलं होतं." खरं आहे. त्याने दिवाळीत विचारलं, "आई, येतेस का?" मी म्हटलं, "मी कशाला? नको रे." तो म्हणाला, "बरं," आणि उठून गेला.

आमच्याकडे पहिलं 'नको' हे 'नको' नसतं हो. पाहुण्याला पोळी वाढताना तो 'नको' म्हणतो, आपण वाढतोच. दुसरं 'नको' म्हणजे 'अर्धी चालेल'. तिसऱ्यांदा हात आडवा आला की मग खरं. हे मला नेहमी तीनदा विचारायचे आणि मी तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणता तर' म्हणायची. मला वाटलं, मुलगा ह्यांचा आहे, विचारेल परत. मी संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिले. रात्री जेवताना त्याने तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर, आणि तुम्ही पहिल्या झटक्यात म्हणालात, "अय्या, येते की!"

एवढं सोपं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्याचाच जास्त राग आला तुमचा.

बागेचं मी आधीच ठरवून ठेवलंय. पुतण्या नितेश फवारणी बघणार आहे. त्याला मी दिवाळीतच सांगितलं होतं, ऋत्विकने विचारलं त्याच दिवशी दुपारी. आता काय ते समजा.

मागे ईशाच्या शेजारी जागा आहे. सामान टपावर बांधता येतं, मी बघितलंय. हमरस्ता असेपर्यंत तुम्ही पुढे बसा, तुम्हाला गाडी लागते, कबूल. गोळ्या मी घेते बरोबर. पण डांबर संपलं आणि रण लागलं की पुढची सीट माझी. तिथे खाली मी उतरणार, चकत्या मी फिरवणार. ते काम मी कुणाला देणार नाही, तुम्हाला तर नाहीच. निळं जॅकेट नसलं तरी चालेल, ह्यांचा स्वेटर आहे.

हे सगळं वाचून तुमचं मन विटलं असेल तर तेही कळवा, मी चूपचाप दारात उभी राहून तुम्हा तिघांच्या हातावर दही घालीन.

नसेल विटलं, तर शुक्रवारी संध्याकाळी एसटीतून उतरलात की ऋत्विकसमोर मला विचारा, "येताय का?" एकदाच विचारा. मी पहिल्या खेपेला हो म्हणेन.

तुमच्यावर जळणारी, आणि शुक्रवारी स्टँडवर उभी असणारी,
राजश्री