न घातलेल्या टोपीची वाटणी

मी इवामारू, वाम मासे पकडणारे कैलासवासी तादायोशी यांचा मुलगा, वय सोळा, राहणार मिझुहारा, सरोवराकाठी, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्या दडपणाविना हे लिहून ठेवतो. 'दडपणाविना' हे रीत म्हणून लिहिले आहे. उद्या सकाळी मला तराफ्यावर बसवून सरोवरातल्या नागदेवाकडे सोडतील. भीती वाटायला हवी, पण काहीच वाटत नाही. बर्फात हात ठेवल्यावर होते तसे सगळे अंग झाले आहे.

घर आणि होडी आईची. कानेमोनकाकांनी होडीला हात लावू नये. मागच्या वेळी नेली तेव्हा वल्हे मोडून आणले आणि वर लाकूडच हलके म्हणाले.

वामांचे बांबूचे सापळे धाकट्या बहिणीला, कोयोरीला. मुलीची जात म्हणून कुणी नाक मुरडले, तर आधी त्याने एक वाम धरून दाखवावी.

काकांना काही ठेवत नाही. नागाला झुलपे न कापलेले, मोठेपणाची टोपी न घातलेले मूल लागते. काका गावचे मुखिया. त्यांनी आपल्या लेकाची झुलपे अकराव्या वर्षीच कापून टोपी घातली. ती कानांवर घसरत होती. माझी वेळ आली की म्हणायचे, "यंदा मुहूर्त नाही रे, पुढच्या वसंतात बघू." मिसरूड फुटले तरी गावाच्या लेखी मी मूलच, म्हणून चिठ्ठीत माझे नाव राहिले आणि निघाले. राग यायला हवा, तोही येत नाही.

दुपारी आई कातर घेऊन आली. म्हणाली, "बस खाली. झुलपं कापली की तू मोठा झालास. मग कोण नेतं बघते!"

मी म्हणालो, "मग चिठ्ठ्या परत टाकतील, आई. कोयोरीला कुठे टोपी घालणार आहेस?"

आईने कातर खाली ठेवली आणि भात वाढला. मी दोनदा मागून घेतला. चव कळली नाही.

बाबांचा दाभण कुणाला देत नाही, तो माझ्या बाहीत असेल. वाम चिरायला पाटावर घेतली की बाबा म्हणायचे, "आधी डोक्यात दाभण ठोक, मग शेपटीला हवं तेवढं वळवळू दे." तराफ्याची फळी पाटासारखीच आहे. नाग तोंड जवळ आणेपर्यंत मला मुलासारखे गप्प बसायचे आहे.

माझी टोपी पेटीत आहे. कोळसेवाले गेनपाचीआजोबा ती माझ्या डोक्यावर ठेवणार होते. मी परतलो नाही तर ती कोयोरीच्या मुलाला द्यावी, आणि वेळेवर घालावी. परतलो तर हा कागद चुलीत जाईल आणि टोपी मी भर चौकात घालीन, मुहूर्त न विचारता.

बाबांनी माझ्यासाठी मोठेपणीचे नाव ठेवले होते. ते वाटणीत नाही, कारण ते मी खाली वापरतो आहे. म्हणून तराफा सुटेपर्यंत हा कागद कुणाला दाखवू नये.

मिझुहारा, सहावा महिना, अमावास्येची आदली संध्याकाळ.

सही: तादाकियो

साक्षीदार: गेनपाची. सही करणाऱ्या तादाकियोला मी ओळखतो. तो मूल नाही.

साक्षीदार: सावे, आई. माझं मूलच आहे.