पावसाळ्यातल्या दुधाच्या रेघा

माय,

आपली खव्याची भट्टी होती तिथं आता पत्र्याची खोली आहे. आतून निळा रंग दिलाय, पण झड लागून राहिली की रंगाखालून जुना धूर वर येतो आणि भिंत पुन्हा तुझ्या वेळेसारखी दिसायला लागते. त्या खोलीत आम्हा बायकांचा दुधाचा गट चालतो. सकाळ-संध्याकाळ बायका कॅन घेऊन येतात, मशीन दुधाचं फॅट आणि दाटपणाची डिग्री दाखवतं, मी ते कॉम्प्युटरवर भरते, आणि दूध पलीकडच्या यंत्राच्या कढईत जातं. ती कढई आपली आपण फिरते, उलथणं धरून कुणाला उभं राहावं लागत नाही. तरी दुपारी सगळ्या गेल्यावर एकटी बसले की तू दिसतेस. वाफेत उभी आहेस, पदर कमरेला खोचलाय, हात गोल गोल फिरतोय. मी काही बोलायला जाते तर तू न बघताच म्हणतेस, "बोलू नको, खाली लागंल." तेरखेड्याच्या कारखान्यांत फटाके वाजवून बघतात त्याचे आवाज येतात, उशीत तोंड घालून कुणी खोकावं तसे. तेव्हाही यायचे.

यंदा भादव्यात जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी तो दुसरा दिवस सांगावा लागेल, मी शाळेत होते तेव्हाचा. ओढ्यापलीकडची मावशी, तुझी मैत्रीण, जिच्याबरोबर तू येरमाळ्याच्या जत्रेला जायचीस आणि दोघींना सारख्याच बांगड्या भरून यायचीस, ती भट्टीवर दूध घालायची. तेही पावसाळ्याचेच दिवस होते. सकाळीच व्यापारी येऊन तुझ्या खव्याला नावं ठेवून गेला होता, म्हणाला, सैल लागतोय. मी भट्टीत लाकडं सारत होते. मावशीनं कॅनचं झाकण काढलं, तू पळी बुडवून वर उचललीस, आणि दुधाची धार पाण्यासारखी पातळ पडली.

"दूध हाय का ताक हाय हे?"

"म्हशीनं दिलं तेच आणलंय म्या," मावशी म्हणाली.

"म्हस पाणी दिती व्हय?"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मावशीनं झाकण लावलं, कॅन डोक्यावर घेतला आणि गेली. तू तिच्या पाठीला म्हणालीस, "उद्यापासनं यिऊ नको." संध्याकाळी स्वयंपाकघरात तू भाकरी थापत होतीस आणि मी म्हटलं, मावशी असं करणार नाही. तू तव्यावरून नजर उचलली नाहीस. "तुला दुधातलं काय कळतंय? गप जेव." माझ्या ताटात भाकरी पडली, आमटी पडली. तू मात्र जेवली नाहीस, डोकं दुखतंय म्हणालीस. त्यानंतर तुम्ही दोघी लग्नाकार्यात एकाच पंगतीत बसलात, एकाच विहिरीवर पाणी भरलंत, पण बोलल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुला नेलं त्या दिवशी ती ओढ्याच्या त्या काठावर उभी होती. पाण्याला उतार होता, पण ती अलीकडं आली नाही.

त्या मावशीची सून आता आमच्या गटात आहे. दोन म्हशी आणि त्या दुधावर चालणारं घर, एवढंच तिचं. कढई उन्हाळ्यात आली, त्याआधी गट नुसतं दूध विकायचा, आणि यंदा भादव्यात खवा एकदम कमी भरायला लागला. गटाच्या अध्यक्षबाई तुझ्यासारख्याच कडक. त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, कुणीतरी पाणी घालतंय. कुणाचं नाव घेतलं नाही, पण माना सुनेकडं वळल्या. मग एकीनं बोलून टाकलं, "रीतच हाय त्या घरची. हिच्या मायनंच धरलं व्हतं सासूला, भर भट्टीत." हिच्या म्हणजे माझ्या. माय, तुझा एक शब्द एवढी वर्षं गावात तसाच राहिला होता, आणि ज्या पोरीनं तुला पाहिलंही नाही तिच्या पदरात येऊन पडला होता. ती एवढंच म्हणाली, "पाणीच घालायचं असतं तर रोज गुडघाभर चिखलातनं कशाला आले असते?" येत्या बैठकीत तिचं नाव काढायचं असं जवळजवळ ठरलंच. मी म्हटलं, थांबा, सगळ्यांचे आकडे माझ्याकडं आहेत, बैठकीत काढून दाखवते. म्हटलं खरं, पण काय काढायचं आणि कसं, हे मला माहीत नव्हतं.

मागं धाराशिवला एका शिबिरात एका मॅडमनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले होते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्या म्हणाल्या होत्या, तुमचीच शीट त्याला जोडायची. ते आठवलं. मोबाईलला रेंज यावी म्हणून तो खिडकीत उभा केला आणि त्याच्या नेटवर ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवत बसले. थेंब थेंब उतरत होतं. बाहेर पाऊस धरलेला, उजेड ताकासारखा, समोरच्या बाभळीवर बगळे अंग चोरून बसलेले. उतरलं, उघडलं, तर समोर नुसतं पांढरं पान. मला वाटलं बिघडलं. मग हिंदीतला एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस समजावून सांगत होता की आधी तुमचा डेटा जोडा, पान रिकामंच असतं. मी आपली शीट जोडली, तशी उजव्या बाजूला एकाखाली एक नावं येऊन बसली. तारीख, नाव, वेळ, लिटर, फॅट, डिग्री. जे बघायचं ते धरून पांढऱ्या पानावर आणून सोडायचं. एवढंच. मी फॅट धरलं आणि सोडलं. एक मोठा निळा खांब उभा राहिला आणि त्यावर आकडा आला हजारांतला. माय, तुझ्या जन्मात तू असं दूध पाहिलं नसशील, नुसतं लोणीच म्हणायचं. मी एकटीच हसले. मग कळलं, ते सगळ्या दिवसांचं फॅट एकात एक मिळवत होतं. बेरजेच्या जागी सरासरी म्हणायचं असतं, ते त्याला सांगावं लागतं.

मग नावांचा घोळ निघाला. दिसतील तशी नावं मी घाईत भरलेली. एकाच बाईला कधी पूर्ण नावानं, कधी नुसतं काकू, कधी वेलांटी चुकवून. सॉफ्टवेअरला ती एकच बाई आहे हे कसं कळणार? त्यानं तिच्या तीन बायका केल्या. आमचा एवढासा गट, पण पडद्यावर निम्मं गाव दूध घालत होतं. मी बसून एकेक नाव सारखं करत गेले, आणि दोन दुपारी त्यातच गेल्या. नाव दुरुस्त केलं की ती बाई डोळ्यांपुढं यायची, तिच्या कॅनची कडी, तिची चालायची लकब. तारखांचंही तसंच. अर्ध्या तारखा त्याला तारखा वाटतच नव्हत्या, त्यामुळं दिवाळी आषाढाच्या आधी येत होती. तेही नीट केलं. आणि मग, खांबांच्या जागी रेघा मागितल्या.

ते कसं दिसलं हे तुला कसं सांगू. गट सुरू झाल्यापासूनचे सगळे महिने आडवे पसरले आणि प्रत्येक बाईची एक रेघ, वेगळ्या रंगाची. उन्हाळ्यात सगळ्या रेघा वरती माळावर चरत असल्यासारख्या. पाऊस सुरू झाला की एकेक करत खाली उतरायला लागतात, भादव्यात अगदी तळाशी, जशी गुरं ओढ्याला पाण्यावर उतरतात, आणि दिवाळीनंतर पुन्हा हळूहळू वर चढतात. दर वर्षी तेच. मी किती तरी वेळ ते नुसतं बघत राहिले. खोलीत यंत्राच्या कढईची घरघर चालू होती आणि मला वाटलं तू माझ्या मागं उभी आहेस, पदराला हात पुसत. मी सुनेच्या नावावर बोट ठेवून क्लिक केलं. बाकी सगळ्या रेघा फिकट झाल्या, धुक्यात गेल्यासारख्या, आणि तिची एकटीची ठळक राहिली. ती इतर रेघांच्या मधोमध होती. सगळ्यात खाली होती ती आपल्या घरची. आपल्या म्हशीची धार मी स्वतः काढते, माय. त्यात एक थेंब पाण्याचा नाही हे मला दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

आपली म्हैस नागपंचमीच्या सुमाराला व्याली. त्यावरून मला वाटलं, ते पण बघू. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकीला विचारलं, तुझी कधी व्याली गं, आणि शीटमध्ये नवा रकाना करून भरलं. सॉफ्टवेअरला पुन्हा डेटा घ्यायला लावलं, आणि रेघांचे दोन कळप झाले. पावसाळ्यात व्यालेल्या म्हशी खाली, जुन्या वेताच्या, म्हणजे व्यायला बरेच महिने झालेल्या, वर. कोवळा हिरवा चारा आणि ताजं वेत, दोन्ही एकत्र आलं की दूध पातळ. आणि तेव्हाच, बघता बघता, मला मावशी आठवली. तुमचं बोलणं तुटलं त्याच्या थोडेच दिवस आधी ती पितळेच्या वाटीतून खरवस घेऊन आली होती. तू भट्टीपाशी उभ्या उभ्याच त्यातला घास तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "गूळ बेताचा पडलाय, बरं झालंय." म्हणजे तिची म्हैसही तेव्हा नुकतीच व्याली होती.

यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. त्या दिवशीचं माप कुठं उरलेलं नाही आणि जे भरलंच नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही. आणि ताज्या वेताचं दूध पातळ असतं हे तुला माहीत नव्हतं असंही नाही. सगळ्या गावाला माहीत असतं. पण व्यापाऱ्याचं बोलणं तुझ्या डोक्यात होतं, रांगेत ती पुढं होती, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायला तुला कधीच जमलं नाही. मलाही जमत नाही, म्हणून कळतं.

बैठकीत मी पडदा बायकांकडं फिरवला. आधी सुनेचं कुणाला सुचलंच नाही, जिला तिला आपली रेघ बघायची होती. "माझी कुठली गं?" "ही बग, पिवळी." "अगं बया, माझी एवढी खाली?" मी महिने दाखवले, वेत दाखवलं, आपली रेघ दाखवली. अध्यक्षबाई बराच वेळ पडद्याशी वाकून होत्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "म्हंजे समद्यांच्याच म्हशी पाणी घालायल्यात म्हणायचं." बायका हसल्या. हसणं थांबल्यावर त्या सुनेकडं न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तिचं नाव. पावसाळ्यात खवा कमीच धरायचा आता, व्यापाऱ्याला आधीच सांगून ठिवू." माफी कुणी मागितली नाही. पण जिनं ते रीतीचं बोलून दाखवलं होतं, तिनं चहाचा पहिला कप सुनेच्या हातात दिला.

सगळ्या पांगल्यावर सून मागं थांबली. म्हणाली, "ताई, हे माझ्या सासूला दावता का? डोळ्यानं कमी दिसतंय तिला, पर तुमी सांगितलं तर समजंल." ओढ्यावर आता पूल झालाय. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मावशी ओसरीवर बाजेवर बसली होती, लहान होऊन गेलेली, तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी. तू त्या वयाला पोचलीच नाहीस. मी पडद्याचा फोटो काढून नेला होता, तो मोबाईल तिच्या हातात दिला, बोट धरून रेघांवरून फिरवलं, तर काचेवर बोट लागून चित्र सरकलं. "रेघ पळायली की," ती म्हणाली. मी तिला चारा सांगितला, वेत सांगितलं, त्या वर्षीचा खरवस सांगितला. म्हटलं, मावशी, तुझ्या दुधात पाणी नव्हतं.

"ते मला ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली. मोबाईल परत दिला. तिला राग नव्हता. अंगणातल्या चिखलात कोंबड्या पाय झाडत होत्या, तेरखेड्याकडं पुन्हा काहीतरी वाजलं. "दुधाचं म्या कवाच सोडलं, पोरी. येगळंच इचारायचं व्हतं तुला, इतकी सालं. तुझी माय आजारात पडली व्हती तवा, शेवटी शेवटी, तिनं कधी माझं नाव काढलं का?"

मी तुझ्या उशाशी होते, माय, सगळे दिवस. तू म्हशीला चारा घातला का विचारायचीस, भट्टी विचारायचीस, धाकट्या भावाला आणखी एकदा बोलाव म्हणायचीस. तिचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती, डोळ्यांना नीट दिसत नसताना बघावं तशी, जरा बाजूला. मी म्हटलं, "काढायची की. लई बार काढायची." तिनं मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

हे लिहून झालं तरी पाठवायचं कुठं, ते मला माहीत नाही. खरं तर पाठवायचं नव्हतंच. पण मावशी आता थकलीय, आज ना उद्या ती तुझ्याकडं येईल, आणि आल्या आल्या तुला तेच विचारील. तेव्हा एवढं कर, माय. व्हय म्हण.