आवाज बिघडलेला नाही

६ जुलै, रविवार
आज मला माझा कान सापडला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लखनौच्या गोमती नगरमधल्या फ्लॅटमध्ये, दुपारच्या जेवणानंतर.

झालं असं. लेकीचा, आर्याचा लॅपटॉप चुकून हॉलमधल्या स्पीकरला जोडला गेला आणि घरात भयंकर घरघर सुरू झाली. बायकोला, विजयाला, वाटलं मिक्सर जळाला. तिने प्लग उपटला. घरघर चालूच. आर्या खोलीतून धावत आली, बंद केलं, सॉरी म्हणाली. मी विचारलं, काय होतं ते? म्हणे बँड आहे, पोलंडमधला. तिघं जण गॅरेजमध्ये जुन्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड करतात, मुद्दाम खरखरीत. कुणाला माहीत नाही, म्हणूनच भारी. मी म्हटलं, मलाही ऐकव. तर म्हणाली, छोड़िए बाबा, आप नहीं समझेंगे.

नाही समझेंगे? विमा कंपनीत क्लेम बघतो मी. जळालेल्या गोदामाचा फोटो बघून आग लागली की लावली ते सांगतो. मला न समजायला काय झालं?

पंधरा सप्टेंबरला ती नोकरीसाठी पुण्याला जाणार. त्याआधी तिला कळलं पाहिजे की बाप म्हणजे निव्वळ वायफायचं बिल भरणारा माणूस नव्हे. संकल्प: गणपतीपर्यंत या विषयात जाणकार व्हायचं.

९ जुलै
ऑफिसात लंचमध्ये हेडफोन लावून तो पोलंडचा आणि एक नॉर्वेचा बँड सलग ऐकला. डोकं दुखतंय. कान उघडायला लागले की असं होत असणार.

शेजारच्या टेबलवरचे मिश्राजी अदबीने म्हणाले, हेडफोन खराब हो गया हो तो मेरा ले लीजिए. लखनौची माणसं गोड आहेत, पण ऐकण्याच्या बाबतीत गझलेच्या पुढे सरकलेली नाहीत. मी फक्त हसलो. जाणकार हसतात तसं.

१४ जुलै
जेवताना सहज विषय काढला. म्हटलं, त्या नॉर्वेच्या बँडची दुसरी रेकॉर्ड पहिलीपेक्षा जास्त घाण आहे, चांगल्या अर्थाने. आर्याने चक्क मान वर केली! मग म्हणाली, बाबा, वो तो सब सुनते हैं, चालीस हज़ार लोग.

तो बँड तत्काळ सोडला. यापुढे शंभराच्या वर ऐकणारे असलेलं काहीही ऐकायचं नाही.

२० जुलै, रविवार
अकरा जण ऐकणारा बँड सापडला. आता बारा. कोंबड्यांच्या खुराड्यात रेकॉर्ड केलाय म्हणे. मध्ये मध्ये कोंबड्या येतात. आवडला का? आवड हा मुद्दाच नाही. विजया म्हणते, चेहरा बघा आरशात, कारल्याचा रस प्यायल्यासारखा झालाय. ती गाण्याच्या क्लासला तीन वर्षं गेली होती, त्यामुळे तिचा कान कायमचा बिघडलाय. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

३ ऑगस्ट, रविवार
मोठी बातमी. टाकी ओव्हरफ्लो होते म्हणून गच्चीवर गेलो, तर टाकीमागच्या खोलीत आर्या गिटार घेऊन बसलेली! सोबत तिची कॉलेजची मैत्रीण मुक्ता आणि शुक्ला नावाचा मुलगा. शुक्ला तुपाच्या डब्यावर ड्रम वाजवत होता. बँडचं नाव ‘गीली माचिस’. एक अख्खी रेकॉर्ड तयार आहे. कॅसेटवर केलेली, मग फोनवर घेतलेली. ऐकणारे: ते तिघं.

तिघं! माझ्याच टाकीमागे!

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ही रेकॉर्ड वाजणार. आर्या म्हणाली, नहीं. मग म्हणाली, बिलकुल नहीं. शुक्ला म्हणाला, यार, अंकल सीरियस हैं, चलने दो ना. खूप वेळाने ती कबूल झाली. अट एकच: पहले आप पूरा सुनेंगे. ठीक से. ती एवढी गंभीर झालेली मी बारावीच्या निकालानंतर पाहिली नव्हती. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? तिने लगेच फाइल पाठवली.

१० ऑगस्ट, रविवार
अजून ऐकलेली नाही. पावसाचे क्लेम तुंबलेत. शिवाय विचार केला तर अशी गोष्ट पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर, लोकांच्या सोबतच ऐकली पाहिजे. फोनवर ऐकणं हा तिचा अपमान होईल.

आर्याने विचारलं, सुना? मी म्हटलं, अप्रतिम. कौनसा वाला? मी म्हटलं, मधला. ती तडक आत गेली. भारावली असावी.

१७ ऑगस्ट, रविवार
मंडळाची मीटिंग. रमाकांत देवधर सांस्कृतिक सचिव. हवाई दलातून निवृत्त, पण मंडळातून व्हायचं नाव नाही. म्हणाले, तुमचं ते आरतीनंतर ठेवू, ज्यांना थांबायचं ते थांबतील. डाव लगेच ओळखला. आरती आणि खिरापत झाली की आपली माणसं चपला शोधायला लागतात. आरतीच्या आधी मात्र कुणी उठत नाही, समोर काहीही चाललेलं असो. गेल्या वर्षी नाटकाचे सगळे प्रवेश झाले, तरी एक माणूस हलला नव्हता.

मी म्हटलं, आरतीच्या आधी, नाहीतर स्पीकरची वर्गणी परत द्या. मग चहा आला. जिंकलो.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. घरी मोदक. सारण मी केलं, कळ्या विजयाने. प्रास्ताविक लिहून आरशासमोर म्हटलं. महत्त्वाचा मुद्दा: ऐकणाऱ्याला प्रथम वाटतं की काहीतरी बिघडलंय. तसं वाटलं तरी कुणी हलू नये, दुरुस्तीला जाऊ नये. बिघाड हाच आवाज आहे.

विजया म्हणाली, एकदा ऐकून तर बघा, मुलीची वस्तू आहे. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
विजय! निखळ विजय!

बारातघराचा, म्हणजे इथल्या मंगल कार्यालयाचा, हॉल भरलेला. प्रास्ताविक जोरदार झालं. मागच्या रांगेत गीली माचिस बसलेली, तिघंही पांढरेफटक. मी लॅपटॉपवर बटण दाबलं, खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले.

काय सांगू. एक लांब, खोल, अखंड गुणगुण. गिटार नाही, डबा नाही, सूर नाही. कुठलाही लोभ नाही! त्या पोलंडवाल्यांना हे जन्मात जमणार नाही. मध्येच हलकीशी खट. पुन्हा गुणगुण. मला आर्याचं लहानपण आठवलं. छावणीच्या रस्त्यावर सायकल शिकवताना मी सीट सोडली होती आणि तिला कळलं नव्हतं, ते आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही लिहीत.

एकदा डोळे उघडले तर साउंडवाला उठून खुणा करत होता. हाताने त्याला खाली बसवलं. मागून आर्याही दोन्ही हात हलवत होती. मीही हलवला. रमाकांत पुढे यायला निघाले, त्यांच्याकडे असं पाहिलं की जागच्या जागी थिजले. एक माणूस उठला नाही. शेवटी टाळ्याही झाल्या, आणि माइकवरून मी सांगितलं की माझ्या मुलीने केलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

आर्या आरतीला नव्हती. विजया म्हणाली, तिला घेऊन मी पुढे जाते. पोरीचे डोळे लाल होते. शेवटी बापाने समजून घेतलं!

३१ ऑगस्ट, रविवार
विजयाने चहा ठेवता ठेवता सांगितलं. लॅपटॉपची वायर स्पीकरला लागलेलीच नव्हती.

रेकॉर्ड लॅपटॉपच्या आत अगदी मुकाट्याने चालू होती. हॉलने ऐकली ती अॅम्प्लिफायरची गुणगुण. खट म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातला फ्रिज. साउंडवाला वायर लावायला येत होता. आर्या तेच सांगत होती. लोक हलले नाहीत, कारण हलू नका असं मीच बजावलं होतं, आणि आरती व्हायची होती.

पहिला विचार: मग सांगितलं का नाही कुणी? नंतर आठवलं. सांगत होते.

रमाकांतांचा फोन आला. पुढच्या वर्षी पार्किंग बघाल का, म्हणाले. देवधरांच्या सौभाग्यवतींना मात्र फार शांत वाटलं म्हणे, गुडघाही दुखला नाही. ही दाद आहे. नोंद करून ठेवतो.

आर्या दिवसभर मुक्ताकडे. संध्याकाळी आली तेव्हा मी म्हटलं, तांत्रिक अडचण आली, पण गुणगुणही थोर होती. ती एवढंच म्हणाली, आपने एक बार भी नहीं सुना था ना, बाबा.

फार वाईट वाटलं. ऑफिसात खोटे क्लेम पकडतो, आणि घरी स्वतःच एक केला. तरी वायर लावायची जबाबदारी साउंडवाल्याची होती, हे माझं मत कायम आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार
आर्याने खोलीत बोलावलं. बैठिए. आँखें खुली रखिए. वायर स्वतः लावली आणि दोनदा ओढून बघितली.

ऐकलं. पूर्ण. गिटार म्हणजे पत्रा कापतायत. डबा. मुक्ता कुठल्याशा बोगद्यातून ओरडते. तिसऱ्या गाण्यात दाढ दुखायला लागली. बटाट्याच्या गाडीवाल्याची हाळी मध्येच आली आणि तेवढीच सुरात होती. मी उठलो नाही. डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत बसलो.

तिने विचारलं, कैसा लगा? तोंडात ‘अप्रतिम’ तयार होतं. गिळलं. म्हटलं, नाही आवडलं गं. अजिबात नाही. मधलं तर सगळ्यात वाईट.

वाटलं, संपलं. तर ती हसायला लागली. इतकी हसली की खाटेवर आडवी झाली. मग माझ्या गळ्यात पडली, कितीतरी वर्षांनी, आणि चक्क मराठीत म्हणाली, बाबा, मला तर मधलंच सगळ्यात भारी वाटतं.

नंतर शुक्लाला फोन लावून सांगितलं की बाबा को बिलकुल पसंद नहीं आया. पलीकडून जल्लोष ऐकू आला. आता असं ठरलंय: पुण्याहून नवीन गाणं झालं की ती पहिल्यांदा मला पाठवणार. मी ऐकायचं आणि चेहऱ्याचा फोटो काढून पाठवायचा. कपाळाला आठी दिसली तर गाणं पक्कं. नुसतं तोंड वाकडं झालं तर थोडं काम बाकी. बरं वाटलेलं दिसलं तर गाणं रद्द.

म्हणजे गीली माचिसचा सल्लागार! मी म्हणतच होतो, माझा कान आहे. उद्या चष्म्याच्या दुकानात जायला हवं. फोटोत भुवयांमधली आठी माझ्या जाड फ्रेमआड जाते.