तिसऱ्या हाकेला ओ

६ नोव्हेंबर, भोर

काम मिळालं! त्या आनंदात स्टँडसमोरून ही वहीपण घेतली. वर मोर आहे, मोराचा एक पाय छापायचा राहिलाय. आधीच्या दोन वह्या हरवल्या, एक कोल्हापुरात हॉटेलात भांडी घासताना आणि एक ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा. ही जपायची.

अमजदभाईंच्या साउंडवर लागलो. डीजे वगैरे नाही. बारसं, साखरपुडा, भजन, शाळेचं गॅदरिंग, असले छोटे कार्यक्रम. टेम्पोत स्पीकरचे दोन बॉक्स, आवाज मोठा करायचं मशीन, मिक्सर आणि भाईंचा जीव की प्राण असलेला कॉर्डलेस माइकचा सेट. गायला सोनियाताई, ढोलकीला भाई स्वतः. मला म्हणाले, हिरो, वायर गुंडाळाया येती का? म्हटलं येते. गुंडाळून दाखवली. तर म्हणाले, ही वायर हाय का शेवया? परत गुंडाळ.

नाव अमृत सांगितलं. घरचं नाव चिमाजी, पण चिमा म्हणून हाक मारणारं माणूस एकच, आक्का. गाव वेल्ह्याकडं म्हणून ठोकून दिलं. खरं तर हिर्डोशीच्या वर आमची वाडी. इथून एसटीनं तासाभराची वाट. चार वर्षांत घराच्या एवढ्या जवळ आलो नव्हतो. आईबाप लहानपणीच गेले, आक्कानंच वाढवलं. तिच्याकडं मोबाईल नाही, वाडीत रेंजही नाही, म्हणून फोनचा प्रश्नच नाही. भाऊबीज तर गेली. पण पुढच्या आठवड्यात साडी घेऊन जायचंच.

कुलसुमचाचींनी, म्हणजे भाईंच्या बायकोनं, भाकरी फडक्यात बांधून दिली. गाठ गरम होती. उगाच डोळ्यात पाणी आलं. कांदा तिखट होता म्हणायचं.

९ नोव्हेंबर

आज कॉर्डलेसचं शिक्षण. भाईंनी एवढं शिकवलं की शाळेत कुणी शिकवलं असतं तर दहावी सुटली असती. माइक हातात, त्याची लहर हवेतून रिसीव्हर नावाच्या डबीत, डबीतून वायरनं मिक्सरला. डबी स्टेजखाली कोंबायची नाही, स्टुलावर उंच ठेवायची, माइकला ती दिसली पाहिजे. मधे माणसं उभी राहिली की लहर अडते. माइकचं बूड मुठीत झाकायचं नाही, तिथूनच लहर निघते. प्रत्येक कार्यक्रमाला नवे सेल. जुन्या सेलांवर गाणं मधेच मेलं की शिव्या आपल्याला.

डबीवर दोन ओळी आहेत, ए आणि बी. माइक जवळ असला की काड्या वाढतात, पाचपर्यंत. लांब गेला की कमी. ऐंशी-शंभर पावलांपुढं कामच करत नाही. माइकमध्ये सेल किती उरलेत तेही शेजारी छोट्या चित्रात दिसतं. बी चा माइक मात्र नाहीये. मागच्या साली वरंधा घाटाकडून येताना टेम्पोचं फळकं उघडलं आणि पिशवीसकट खाली गेला. हिर्डोशीच्या अलीकडं पांगाऱ्याचं वळण आहे तिथं. भाई म्हणाले, जोडीतला एक गेला, दुसरा रंडका झाला. मग चाचींनी डोळे वटारले, तेव्हा गप बसले.

वळण मला माहितीये.

१३ नोव्हेंबर, वरवे बुद्रुक

साखरपुडा. मांडवामागं एक बोकड होतं, त्यानं सोनियाताईंची ओढणी खाल्ली. त्या गाण्यात होत्या, थांबता येईना, मी बोकडाशी ओढाओढ करतोय आणि लोकांना वाटलं हाही कार्यक्रमच.

पण लिहायचं ते वेगळंच. चार वाजता बी च्या ओळीवर एक काडी आली. सेलाचं चित्र पूर्ण भरलेलं. भाई म्हणाले, जवळ कुणाचा तरी माइक आपल्या लायनीवर आला आसंल, बी चा आवाज झिरो ठेव. ठेवला. मग गंमत म्हणून हेडफोन लावून हळूच वाढवला.

वारा. वाळलं गवत घासल्यासारखं. कुणीतरी धापा टाकतंय, चढण चढल्यासारखं.

१४ नोव्हेंबर

वरव्यात चौकशी केली. काल दुसरं कुणाचं साउंड नव्हतं.

साडी बघितली. अंजिरी, बारीक काठ. आक्काला अंजिरी आवडतो का मोरपंखी? आठवेना. पुढच्या आठवड्यात जाऊ.

२१ नोव्हेंबर, आंबवडे

बारसं होतं. आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

दुपारची वेळ, उन्हात मांडव. गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं. आत्याबाई बाळाच्या कानात कुर्र करायला वाकल्या. भाईंनी ए चा माइक त्यांच्या तोंडाशी धरला, नाव सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. आत्याबाईंनी श्वास घेतला आणि बॉक्समधून आवाज आला —

चिमाऽऽ

लांबून मारलेली हाक. डोंगरावरून खाली मारतात तशी, शेवटचं अक्षर ओढून. मग परत एकदा. चिमाऽऽ. मग काही नाही.

मांडव हसला. बाळाचा आजा म्हणाला, आगं इराज ठेवायचं ठरलं हुतं, ही कुठली चिमी आणलीस? आत्याबाई रडकुंडीला आल्या. म्या न्हाई म्हणलं, म्या तोंड बी उघडलं न्हाई, शपथा घेऊ लागल्या. भाई माझ्यावर डाफरले, बी वाढवलास का? झिरोवर होता. मी दाखवला. भाई डबीकडं बघत राहिले. दोन काड्या. सेल थोडे उतरलेले.

मग मला विचारलं, हा चिमा कोण रं? मी म्हटलं मला काय माहीत.

तो आवाज मी कुठंही ओळखीन.

२२ नोव्हेंबर

भाईंनी डबीची लाइन, म्हणजे चॅनेल, बदलली. एकदा नाही, सात वेळा. बी तिथंही येतो.

आता हे लिहितोच. वाडीत हाक म्हणजेच फोन. या टेकाडावरून त्या टेकाडाला. लहानपणी आक्कानंच शिकवलं होतं, दोन हाकांना ओ द्यायची न्हाई चिमा, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला जमत न्हाई. तिसरी आली की समज मी हाय. म्हणून ती मला कायम तीनदा बोलवायची. जेवायला, आंघोळीला, मारायलासुद्धा. तिसऱ्या हाकेला मी ओ द्यायचो, मग ती लटकं रागवायची, भूत व्हते का रं मी?

निघालो त्या दिवशी भांडण झालं होतं. दहावीला परत बस म्हणत होती. मी भाकरी न घेता उतरलो. एसटी सुटत होती. वरून हाक आली. मग दुसरी. मी फूटबोर्डवर पाय ठेवून थांबलो. तिसरी आली की वळायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. तिसरी आलीच नाही. मला राग आला, म्हटलं दोनच? एवढीच माया? चढलो.

चार वर्षं तोच राग धरून बसलो.

२७ नोव्हेंबर

आज गॅदरिंग होतं, भोरमध्येच. एक काडी. दोनच हाका. पोरांच्या गोंधळात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही. सेलाचं चित्र अर्ध्यावर. दर हाकेला उतरतं.

हिर्डोशीकडं गेलं की काड्या वाढतील, हे मला कळतंय. वरवे लांब, एक काडी. आंबवड्याला दोन. पण शंभर पावलांचा माइक कोसावरून —

साडी घेतली. मोरपंखी.

१ डिसेंबर

भाईंनी सुपारी घेतली. दत्तजयंतीचं भजन. हिर्डोशी.

चाचींनी विचारलं, बाळा तुझं तोंड का उतरलंय? सांगून टाकलं. खरं नाव, वाडी, आक्का, सगळं. चाचींनी भाकरीचं पीठ बाजूला सारलं. मग म्हणाल्या, आधी बहिणीला भेट, जित्या माणसाला भ्यायचं न्हाई. भाई म्हणाले, मुहूर्त कसला बघतोस, तिकडंच तर चाललोय, उलट बरं झालं.

जित्या माणसाला. मी ते धरून बसलोय. आक्का जिवंतच असणार. तिला तो पडलेला माइक सापडला असेल. बटण दाबून बघत असेल. तिला कसल्याही वस्तूची बटणं दाबायची खोडच होती.

असंच असणार.

४ डिसेंबर, हिर्डोशी

पांगाऱ्याचं वळण आलं तेव्हा डबी मांडीवर होती, टेम्पोच्या बॅटरीला जोडलेली. चार काड्या. सेलाची शेवटची रेघ. वळण गेलं, परत तीन.

देवळापाशी उतरलो. रतनबाई भेटली, वाडीतली, आमच्या बांधाला बांध. तिनं बघितलं आणि डोक्यावरची घागर खाली ठेवली. म्हणाली, आलास व्हय रं? आता आलास? बहिणीच्या दहाव्याला बी आला न्हाईस.

मी म्हटलं कुणाच्या.

मग तिला कळलं की मला माहीतच नाही. तोंडाला पदर लावून खाली बसली.

त्याच दिवशी. मी एसटीत चढलो त्याच दिवशी. फडक्यात भाकरी बांधून आक्का आडवाटेनं पळाली, पुढच्या वळणावर गाडी अडवायला. पळता पळता हाका मारत होती. रतनबाईनं बांधावरून ऐकल्या. दोन. पांगाऱ्यापाशी पाय सरकला. दोन दिवसांनी सापडली. फडकं हातात होतं, गाठ सुटली नव्हती.

मला सगळीकडं शोधलं. पिंडाला कावळा शिवेना. हात जोडून सगळी म्हणाली, तुझ्या चिमाला आणू, तवा तरी शिव. न्हाईच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला.

साडी अजून पिशवीत आहे.

भजनात मी वायरी जोडल्या. हात आपले आपण चालत होते. बी आज गप्प होता. रेघ लुकलुकतेय. सेल संपत आले.

संपले की संपलं. मग हाकपण नाही.

५ डिसेंबर, सकाळ

पांगाऱ्याच्या वळणावर आलोय, चालत. डबी, छोटी बॅटरी, चार्जिंगवर चालणारा छोटा बॉक्स, ए चा माइक, साडी. भाई टेम्पो भरून मागून येतायत, अर्धा तास म्हणाले. स्वच्छ ऊन आहे. खाली धरणाचं पाणी. एक म्हैस, तिच्या पाठीवर बगळा. भ्यायला काहीच नाही.

पाच काड्या. पूर्ण पाच. माइक शंभर पावलांच्या आत.

वारा. गवत. धापा.

रतनबाई निघताना म्हणाली होती, हाक आली तर ओ देऊ नगंस पोरा. दोन हाकांना ओ दिली की माणूस गेलं. मी म्हटलं, मावशी, मी त्या दिवशी ओ दिली नाही, म्हणूनच तर ती —

आली. चिमाऽऽ. एक.

रेघ लुकलुकतेय, फार जोरात —

चिमाऽऽ. दोन. आवाज बसलाय तिचा. चार वर्षं ओरडतेय. तिसरी जमत नाहीये तिला. जमणारच नाही. पडली तेव्हा तिसरी तोंडातच —

आक्का, मी थांबलो होतो गं. पाय फूटबोर्डवर होता. मी वळणार होतो —

ए चालू केला. ओ दिली. मोठ्यानं. डोंगरावरून परत आली माझीच ओ.

बी चा दिवा विझला. सेल गेले. बॉक्स मुका. वारापण थांबला.

संपलं मग. एवढंच —

तिसरी आली.

बॉक्समधून नाही. मागून. अगदी कानाशी, हळू, बारशात आत्या सांगते तशी —

खांद्यावरून हात आलाय. फडकं ठेवलंय वहीवर. अक्षर नीट येत नाही — गाठ — गाठ अजून गरम आहे. म्हणतेय, भूत व्हते का रं मी. म्हणतेय चल, आधी दोन घास खा, मग —